जांभ्याची घडण
सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून दख्खनचा बेसॉल्ट घडला. ऊन आणि गारव्याने त्याला भेगा पडल्या, झाडांच्या मुळांनी त्या रुंदावल्या. कोकणात मात्र खरे काम रासायनिक विदारणाचे. मुसळधार पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी भेगांतून झिरपत कॅल्शियम, सोडियम आणि सिलिका वाहून नेते. मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. तोच तांबडा, सच्छिद्र जांभा.

खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. या गुणावरच चिरेखाणींचा धंदा उभा राहिला. राजापूर परिसरातील सड्यांवरची प्राचीन कातळशिल्पेही जांभ्यातच कोरलेली आहेत. जुन्या गोव्यातील, 1605 साली पूर्ण झालेले बॉम जेझूस चर्चही जांभ्याचेच. 1950च्या दशकात त्याचा चुन्याचा गिलावा काढला गेला, हे दुर्दैवच. कारण तेव्हापासून पाऊस थेट दगडात मुरतो आणि भिंती झिजत आहेत.