दात घासायची तलफ

सकाळी मशेरी लावल्याशिवाय जिला परसाकडे होत नाही अशी एखादी आजी तुमच्याही ओळखीत असेल. माझ्या घरात होती. काय करतेस विचारलं की सांगायची, दात घासतेय. आणि तिच्या दृष्टीनं ते अगदी खरं होतं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची आणि थोडा वेळ तोंडात राहू द्यायची. सगळी मेख या थोड्या वेळात आहे. तेवढ्यात निकोटिन तोंडाच्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरतं. मग सकाळचं दात घासणं दुपारी होतं, जेवणानंतर होतं, भांडण झाल्यावरही होतं.

ही काही ऋषिमुनींची परंपरा नव्हे. चरकसंहितेत दोन वेळा दात घासायला सांगितलंय, पण तुरट, तिखट किंवा कडू चवीच्या काडीचं टोक चावून. करंज, रुई, कण्हेर अशी नावंही आहेत. तंबाखू तिथं असणार कुठून? ती अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला आणि येताना बादशहासाठी तंबाखू घेऊन आला. म्हणजे मुघल दरबाराच्या आधी ती दख्खनेत पोचली होती. पुढे ती दात घासायच्या पुडीत शिरली. माझा अंदाज असा की बायकांना चारचौघांत विडी ओढणं शक्य नव्हतं, दात घासायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

भौतिकशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा दंतसंशोधनाचाही विभाग होता. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,01,761 जणांची तोंडं तपासली. 1972 साली निबंध आला. शोध तोंडाच्या कॅन्सरचा आणि त्याआधी दिसणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचा होता. त्या पाहणीत सुमारे 39 टक्के बायका मशेरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुष एक टक्काही नव्हते.

एवढी चिकट सवय लागते कशी? आमच्या ऑफिसात ॲप बनवताना याला ‘रिटेन्शन’ म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास मीटिंगा होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातवाल्यानं हे ओळखलं होतं. पेप्सोडेंट विकताना तो सांगायचा, दातांवर जीभ फिरवून बघा, थर लागेल. थर जीभेला कायमच लागतो, त्यामुळे आठवण फुकटात झाली. घासल्यावर तोंडात गार झिणझिणी यायची, ते बक्षीस. मशेरीत बक्षीस निकोटिनचं, एवढाच फरक. तसा तो फारच मोठा फरक आहे म्हणा.

गंमत म्हणजे कीड रोखणारं फ्लोराइड त्या पेस्टमध्ये नव्हतंच. शहराच्या पाण्यात ते मिसळायचा पहिला प्रयोग 25 जानेवारी 1945 ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला सुरू झाला आणि ‘क्रेस्ट’ ही फ्लोराइडची पेस्ट 1955-56 साली बाजारात आली. तोवर लोकांना घासायची सवय लागून गेली होती. (आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि दातांवर डाग पडतात, पण तो वेगळा लेख आहे.) फ्लोराइडची झिणझिणी जाणवत नाही, तलफ तर येतच नाही. झोपण्याआधी दोन मिनिटं घासून फेस थुंकायचा आणि लगेच खळखळून चूळ भरायची नाही, हे म्हणूनच कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दातांवर मागे राहिलेलं फ्लोराइडच काम करत असतं. आपण चूळ भरून नेमकं तेच बेसिनमध्ये सोडतो.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 साली बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1997 साली बंदी कायम राहिली. पण ती कारखान्यातल्या मालाला लागू आहे. गावच्या दुकानात तंबाखू सुटी मिळते आणि तवा घरात असतोच.