आरसी बुकावरचं नाव



आमच्या गटातल्या ताईंनी आपली जुनी गाडी विकली. पैसे हातात आले, किल्ली दिली. पुढे कित्येक महिन्यांनी दंडाचं चलन आलं, ते त्यांच्याच मोबाइलवर! घेणाऱ्याने गाडी नावावर करूनच घेतली नव्हती.

ही सवय जुनी आहे. १९८३ साली मारुती ८०० आली. त्याआधी नव्या फिएटसाठी किंवा अ‍ॅम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे जुन्या गाडीलाही भाव असे. पुष्कळ व्यवहार शब्दावर व्हायचे. किल्ली एकाकडे, नाव दुसऱ्याचं.

विक्री कळवायची, हे १९३९ च्या मोटार कायद्यातही होतं. पण मालक म्हणजे कोण, ते स्पष्ट नव्हतं. १९८८ च्या कायद्याने सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक गाडी आली. ती हातोहात विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच. अपघाताची भरपाई त्याच्याच माथी आली.

म्हणून आपण आरसी बुकाला गाडीचा सातबाराच समजूया. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा उतरलाय का, तेही बघायचं. विमा नावावर करून घ्यायचा.

आणि मैत्रिणींनो, हप्ते आपण फेडणार असू, तर आरसी बुकावर नावही आपलंच लागू दे.