नांतचा उतार

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, अमेरिकेतील मेन राज्याच्या सीमेजवळ लाक-मेगांतिक नावाचे गाव आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास, भाषा फ्रेंच. गाव सरोवराच्या काठी असले तरी ते खरे वसवले रेल्वेने. 1880च्या दशकात माँट्रियालहून अटलांटिक किनाऱ्याकडे लोहमार्ग निघाला, त्याच्याबरोबर गाव वाढले आणि म्हणून रूळ ऐन बाजारपेठेतून जातात. 6 जुलै 2013 रोजी मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास या रुळांवरून 72 टँक वॅगनांची एक मालगाडी उतारावरून सुसाट आली. गाडीत खनिज तेल होते, चालक नव्हता. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगात ती वळणावर घसरली. सुमारे 60 लाख लिटर तेल सांडून पेटले. 47 माणसे मेली. त्यांतली बरीच म्युझी-कॅफे या उपाहारगृहात शुक्रवारची रात्र घालवायला आलेली होती.

या दुर्घटनेचे एका वाक्यातले कारण सगळीकडे सांगितले जाते: चालकाने पुरेसे हँडब्रेक लावले नाहीत. ते खोटे नाही. पण कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने ऑगस्ट 2014 मध्ये दिलेल्या अहवालात एक नव्हे, अठरा कारणे नोंदवली आहेत, आणि मला त्यांतली ब्रेकच्या आधीची कारणे जास्त बोलकी वाटतात.

सुरुवात तेलापासूनच करू. ते नॉर्थ डकोटातील बाकेन या खडकथरातले. तिथे 2008 नंतर नव्या तंत्राने उत्पादन एकदम वाढले, पण ते वाहून नेण्याइतक्या पाइपलाइन नव्हत्या. मग रेल्वे पुढे आली. अमेरिकेत 2008 साली खनिज तेलाच्या साडेनऊ हजारांच्या आसपास वॅगन भरल्या गेल्या होत्या, 2013 मध्ये सुमारे चार लाख. कॅनडात 2009 मधल्या पाचशेच्या एक लाख साठ हजार झाल्या. पाच वर्षांत एवढा पालट झाला, पण रूळ, वॅगन आणि नियम जुनेच राहिले.

रिफायनरीतून निघालेल्या पेट्रोल-डिझेलचे गुणधर्म ठरलेले असतात. खनिज तेलाचे तसे नाही, ते क्षेत्रागणिक बदलते. डांबरासारखे जड तेल पेटवणे कठीण, तर बाकेनचे तेल हलके, पेट्रोलच्या जवळ जाणारे. या गाडीच्या कागदपत्रांत मात्र ते सर्वांत कमी धोक्याच्या गटात दाखवलेले होते. तपासात ते त्याहून वरच्या गटातले निघाले. ज्या वॅगनांत ते भरले त्या डीओटी-111 जातीच्या, पातळ पत्र्याच्या. अपघातात त्या सहज फुटतात, असे अमेरिकेचे वाहतूक सुरक्षा मंडळ 1991 पासून सांगत आले होते. लाक-मेगांतिकला 63 वॅगन घसरल्या, त्यांतल्या 59 फुटल्या.

आता त्या रात्रीकडे वळू. मार्ग माँट्रियाल, मेन अँड अटलांटिक या छोट्या कंपनीचा होता आणि गाडी न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनच्या रिफायनरीकडे निघाली होती. कंपनी 2012 पासून एकाच कर्मचाऱ्यावर गाड्या चालवू लागली होती, सरकारच्या संमतीने. रात्री अकराच्या सुमारास त्या एकट्या चालकाने गावापासून 11 किलोमीटरवरच्या नांत येथे गाडी मुख्य मार्गावरच उभी केली आणि तो मुक्कामाला गेला. शेजारी सायडिंग होती, सुटलेली गाडी पाडण्याची सोय असलेली. पण ती वॅगन उभ्या करायला वापरली जात होती.

नांतचा उतार 1.2 टक्के, म्हणजे साधारण 83 फुटांना एक फूट. आपला बोरघाट 37 ला 1, म्हणजे दुपटीहून चढा. पण बोरघाटात उतरणारी गाडी सुटली तर तिला अडवायला कॅच सायडिंग आहेत. घाट भीतीदायक दिसतो म्हणून तिथे बंदोबस्त केला जातो. नांतला डोळ्यांना भीती वाटावी असे काही नव्हते.

चालकाने सात हँडब्रेक लावले. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे एवढ्या गाडीला नऊ हवे होते. तपासनीसांच्या हिशेबाने किमान सतरा, कदाचित सव्वीससुद्धा. म्हणजे त्याने नियम तंतोतंत पाळला असता तरी आकडा अपुराच होता! ब्रेक धरतात की नाही हे पाहताना इंजिनांचे हवेचे ब्रेकही लावलेले होते, त्यामुळे गाडी हलली नाही आणि चाचणी पार पडल्यासारखी झाली. ही हवा टिकते इंजिनाच्या कॉम्प्रेसरवर, म्हणून पुढचे इंजिन चालू ठेवले होते.

त्याच इंजिनाची आठ महिन्यांपूर्वीची दुरुस्ती तात्पुरत्या मलमपट्टीसारखी होती. धातूच्या जागी इपॉक्सीसारखा पदार्थ वापरला होता. तो तुटला, तेल गळून साचले आणि पावणेबाराच्या सुमारास इंजिनाला आग लागली. नांतच्या अग्निशमन दलाने आग विझवली आणि योग्य तेच केले, इंजिन बंद केले. कंपनीने पाहणीसाठी पाठवलेला माणूस रुळांच्या देखभालीचा होता, त्याला इंजिनाची माहिती नव्हती. सगळे ठीक म्हणून लोक निघून गेले. कॉम्प्रेसर बंद, हवा हळूहळू गळत राहिली. इतकी हळू, की दाब एकदम घटला असता तर लागणारे आपोआप ब्रेकही लागले नाहीत. एक वाजायच्या सुमारास गाडी हलली.

फौजदारी खटल्यात जूरीपुढे उभे राहिले ते तीन कर्मचारी. त्यांत चालक होता. जानेवारी 2018 मध्ये, नवव्या दिवसापर्यंत विचार करून, जूरीने तिघांनाही सदोष निष्काळजीपणाच्या आरोपातून मुक्त केले. अठरा कारणांची साखळी एका माणसाच्या गळ्यात घालणे जूरीलाही जमले नसावे, असे मला वाटते. (पुढे रेल्वे सुरक्षेच्या कायद्याखाली काहींना दंड झाले, तो भाग वेगळा.) कंपनी तर अपघातानंतर महिन्याभरातच दिवाळखोरीत गेली होती.

नियम बदलले, हे नाकारता येत नाही. 2015 मध्ये जाड पत्र्याच्या वॅगनांचे नवे मानक आले आणि 2016 च्या अखेरीस कॅनडाने खनिज तेलासाठी डीओटी-111 बंद केल्या. पण 2015 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओंटारिओतील गोगामाजवळ आणि वेस्ट व्हर्जिनियात तेलाच्या गाड्या घसरून पेटल्या, त्या वॅगन डीओटी-111 पेक्षा सुधारलेल्या होत्या. पत्रा जाड केल्याने भोक पडायला वेळ लागतो, आतले तेल तेच राहते.

लाक-मेगांतिकमधून मालगाड्या डिसेंबर 2013 मध्येच पुन्हा सुरू झाल्या. गावाबाहेरून वळणमार्ग काढण्याची घोषणा 2018 साली झाली. मग खर्च वाढत गेला, जमिनीचे वाद निघाले, शेजारच्या फ्रोंतेनाक गावाने मतदान घेऊन विरोध नोंदवला. 2023 मध्ये दहावा स्मृतिदिन आला तेव्हाही गाड्या गावाच्या मध्यातूनच जात होत्या.