गुडघे कुणी टेकायचे? जर्मन-चिनी शिष्टाचाराची जुनी गोष्ट

मंडळी, चाकण-रांजणगाव पट्ट्यात आपल्याकडची बरीच पोरं नोकरीला आहेत. कुणाचा साहेब जर्मन, कुणाचा चिनी. कामावर घेताना ट्रेनिंगमध्ये एक ठरलेली यादी सांगतात. जर्मन माणूस तोंडावर बोलतो, वेळ पाळतो, कागदावर सही झाली की विषय संपला. चिनी माणूस आडून बोलतो, 'नाही' म्हणत नाही, त्याला चारचौघांतली इभ्रत महत्त्वाची. यादी अगदीच खोटी नाही. पण इतिहास काढून बघितला की ती फार लंगडी वाटते.

१९०१ सालची गोष्ट घ्या. आदल्या वर्षी चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर बंड पेटलं होतं. २० जून १९०० रोजी जर्मनीचा वकील क्लेमेन्स फॉन केटेलर बीजिंगच्या रस्त्यावर मारला गेला. त्याच्या काही दिवस आधी या साहेबानं स्वतः एका बॉक्सर पोराला पकडून बदडलं होतं, ते बहुतेक जण सांगत नाहीत. पुढे आठ देशांच्या फौजांनी बीजिंग घेतलं, लुटलं. चीननं शरणागती पत्करली आणि अटींमध्ये पहिलीच अट अशी, की सम्राटाच्या भावानं बर्लिनला जाऊन कैसरची माफी मागायची.

हा भाऊ म्हणजे राजपुत्र चुन. वय १८. (पुढे जो पुयी चीनचा शेवटचा सम्राट झाला, त्याचा हा बाप.) बोटीनं युरोपात उतरला, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पोचला आणि तिथं निरोप आला: राजपुत्रानं वाकून नमस्कार करायचा, आणि सोबतच्या अधिकाऱ्यांनी कैसरपुढे 'कौटौ' घालायचा. म्हणजे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा कपाळ जमिनीला.

आता यातली गंमत बघा. हाच कौटौ घालायला युरोपचे वकील शंभर वर्षं नकार देत आले होते. १७९३ साली इंग्रजांच्या मॅकार्टनीनं घातला नाही. १८७३ मध्ये परकीय वकिलांना चिनी सम्राटापुढे कौटौशिवाय उभं राहायची मुभा मिळाली, तेव्हा केवढा विजय मानला होता! माणसानं माणसापुढे असं लोळणं रानटीपणाचं आहे, असं म्हणणारेच आता कौटौ मागायला लागले. कुठं गेला तो रोखठोकपणा?

आणि आडून बोलणाऱ्या चिन्यांनी काय केलं? राजपुत्राची तब्येत बिघडल्याचं कळवलं आणि बाझलच्या हॉटेलातच मुक्काम ठोकला. पुढची गाडी पकडेचना. तारा इकडून तिकडे गेल्या. फौज नाही, पैसा नाही, बीजिंगमध्ये परकीय सैन्य. तरी पठ्ठ्या हलला नाही. एकदाही 'नाही' न म्हणता इतका ठाम नकार मी तरी दुसरा वाचलेला नाही. शेवटी जर्मनांनीच अट सोडली. ४ सप्टेंबर १९०१ रोजी पॉट्सडॅमच्या महालात राजपुत्र उभ्यानं वाकला, सम्राटाचं पत्र वाचलं. कैसर मात्र बसून राहिला.

केटेलर पडला त्या जागी बीजिंगमध्ये स्मारकाची कमानही बांधावी लागली. १९१८ मध्ये जर्मनी महायुद्ध हरल्यावर चीननं ती तिथून काढली, एका बागेत उभी केली आणि वर न्यायाच्या विजयाचा मजकूर कोरला. कमान तीच.

आता एकदम १९७८. नोव्हेंबरात चीनचा यंत्रोद्योग मंत्री वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या गेटवर येऊन उभा राहिला. वेळ ठरवलेली नाही, आगाऊ पत्र नाही. ट्रेनिंगच्या यादीप्रमाणे त्याला बाहेरूनच परत पाठवायला हवं होतं. पण गेटवरच्या माणसानं आत फोन लावला आणि बोलणी सुरू झाली. ती तब्बल सहा वर्षं चालली. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीजिंगला चान्सेलर कोल यांच्या उपस्थितीत करार झाला, शांघायच्या कारखान्यात निम्मी-निम्मी भागीदारी. इथं कुणी कुणाला गुडघे टेकायला लावले नाहीत, कारण दोघांनाही एकमेकांची गरज होती. माझ्या मते रीतभात बदलली ती एवढ्यामुळेच.

सुरुवातीला सांताना गाडीत चिनी बनावटीचं जवळपास काहीच नव्हतं, जेमतेम २.७ टक्के. सुटे भाग लवकर इथं बनवा म्हणून सरकारचा दबाव. पण दर्जात तडजोड चालणार नाही, हा हट्ट जर्मनांइतकाच कुणाचा होता? शांघायचे महापौर चू रोंगजी यांचा. काटेकोरपणा म्हणे जर्मनांचा!

तसंच चिंगतावचं. हे बंदर १९१४ पर्यंत जर्मनांच्या ताब्यात होतं. १९८४ मध्ये तिथल्या एका डबघाईच्या फ्रिज कारखान्यानं जर्मनीच्या लीबहेअर कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं. पुढच्या वर्षी नवे प्रमुख चांग रुइमिन यांनी ७६ सदोष फ्रिज बाजूला काढले आणि ज्यांनी बनवले त्या कामगारांनाच घणानं फोडायला लावले, पहिला घाव स्वतः घालून. फ्रिज म्हणजे तेव्हा तिथं चैनीची वस्तू, त्यामुळे कामगारांच्या जिवावर आलं असणार. चारचौघांत इभ्रत राखायची, हा नियम त्या दिवशी कुठं होता?

तो कारखाना पुढं मोठा झाला. जर्मन 'लीबहेअर'चा चिनी उच्चार करताना शेवटी जे 'हायर' उरतं, तेच त्यानं नाव घेतलं. रांजणगावच्या एमआयडीसीत ज्या 'हायर'ची पाटी आहे, ती हीच.