नळातील पाणी आणि वायू : तापीकाठापासून सागरतळापर्यंत दाबविचाराचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यातून वाहणारी तापी पुढे उकाईच्या जलाशयात शिरते आणि सुरतेवरून जाऊन हजिऱ्याजवळ समुद्रास मिळते. या एकाच नदीच्या काठी दोन भिन्न जातींच्या नळवाहिन्या आढळतात. शहादे-नंदुरबार भागात नदीचे पाणी पंपाने उचलून उंचावरील शेतांस नेणाऱ्या उपसा सिंचनाच्या वाहिन्या आहेत, तर मुखाशी हजिऱ्यास अरबी समुद्राच्या तळावरून नैसर्गिक वायू आणणारी वाहिनी येऊन पोहोचते. पहिलीत पाणी वाहते, दुसरीत वायू. तथापि दोहींच्या अपायांची कारणे शोधू लागले असता ती एकाच विचारापाशी येऊन ठेपतात. नळ फुटतो किंवा चेपतो तो केवळ दाबामुळे नव्हे, तर आतील व बाहेरील दाबांतील अंतरामुळे. आणि पाण्याच्या नळात अडकलेला वायू जितका घातक, तितकेच वायूच्या नळात राहून गेलेले पाणीही घातक. हा विचार कसकसा स्पष्ट होत गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो, हे सायमन स्टेव्हिनने १५८६ साली मांडले. १६४३ साली तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने हवेलाही भार आहे हे दाखविले, आणि १६६२ साली बॉइलने हवेचा दाब व आकारमान यांचा व्यस्त संबंध प्रसिद्ध केला. या शोधांतून जो हिशेब हाती आला तो साधा आहे. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. उकाई धरणाची पायापासूनची उंची सुमारे ८० मीटर आहे, आणि मुंबई हाय येथे समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे तापीवरील धरण काठोकाठ भरले असता त्याच्या पायथ्याशी जो दाब असेल, जवळजवळ तेवढाच दाब मुंबई हायच्या सागरतळावरील नळास बाहेरून सोसावा लागतो. एकीकडे जलाशय आहे व दुसरीकडे अथांग सागर आहे, या भेदाने हिशेबात काही फरक पडत नाही.

सिद्धान्त युरोपात मांडले जात असले, तरी नळातील हवेचा अनुभव महाराष्ट्रातील कारागिरांस स्वतंत्रपणे आलेला होता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत व सार्वजनिक हौदांपर्यंत आणले गेले. या मार्गावर ठिकठिकाणी जे उभे बांधीव मनोरे ठेवलेले आहेत, त्यांस ‘उच्छ्वास’ म्हणतात. नाव अन्वर्थक आहे. वाहत्या पाण्याबरोबर आलेली हवा नळाच्या उंचवट्यावर साचते व प्रवाहाची वाट अडविते. तिला बाहेर पडण्यास मार्ग देणे हे उच्छ्वासाचे काम. औरंगाबादच्या पाणचक्कीस पाणी पुरविणाऱ्या जुन्या वाहिनीवरही असे उभे स्तंभ आहेत. या बांधकामांमागे बॉइलचा नियम नव्हता. परंतु कोंडलेल्या हवेस वाट दिली नाही तर पाणी पुढे सरकत नाही, ही जाण निश्चित होती.

समुद्राखालून नळ नेण्याचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धात आला. १९४४ साली ब्रिटनने इंग्लिश खाडीखालून फ्रान्सला पेट्रोल पुरविण्यासाठी नळ टाकले. त्यांपैकी शिशाचा नळ पोलादी आवरणात गुंडाळून समुद्री तारेप्रमाणे जहाजावरून सोडण्यात आला. रिकामा नळ चेपला जाऊ नये म्हणून तो टाकतानाच त्यात दाबाखालील पाणी भरून ठेवलेले होते. नळाचे रक्षण भिंतीची जाडी जितके करते, तितकेच आतील द्रवही करतो, हे तत्त्व येथे व्यवहारात उतरलेले दिसते.

भारतात हा अध्याय १९७४ साली सुरू झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजावरील वेधनातून मुंबई हायचे तेलक्षेत्र सापडले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि १९७८ साली तेल व वायू यांच्या स्वतंत्र वाहिन्या सागरतळावरून उरणपर्यंत आल्या. पुढे १९८०च्या दशकात दक्षिण वसई क्षेत्रातील वायू हजिऱ्यास पोहोचला. या वाहिन्यांत वायू ज्या दाबाने वाहतो तो बाहेरील सात-साडेसात वातावरणांपेक्षा पुष्कळच अधिक असतो. म्हणून उथळ समुद्रातील चालू वाहिनीस बाहेरून चेपले जाण्यापेक्षा आतून फुटण्याचे भय मोठे.

येथे पाणी व वायू यांच्या स्वभावांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. एका वातावरणाच्या दाबाने पाण्याचे आकारमान सुमारे विसहजाराव्या भागाने घटते; वायू मात्र दाबाखाली मोठ्या प्रमाणात आकुंचन पावतो व दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवितो. पाण्याने भरलेला नळ फुटला तर थोडे पाणी बाहेर येताच दाब ओसरतो. वायूचा नळ फुटल्यास साठलेली सर्व ऊर्जा बाहेर पडू लागते. नव्या वाहिनीची परीक्षा पाणी भरून घेतात, ती याच कारणास्तव. दुसरा भेद प्रवाहाचा आहे. सपाट, समान व्यासाच्या जलवाहिनीत दाब अंतराच्या प्रमाणात सरळ घटत जातो. वायू मात्र दाब घटताच प्रसरण पावून अधिक वेगाने धावू लागतो. म्हणून वेमथच्या १९१२ सालच्या सूत्रात दाबाऐवजी दाबांच्या वर्गांचे अंतर घेतलेले आहे.

या साठलेल्या ऊर्जेचे दारुण दर्शन २७ जुलै २००५ रोजी झाले. मुंबई हाय उत्तर येथील मंचाशी आलेल्या एका नौकेचा आघात सागरतळावरून वर येणाऱ्या उभ्या वायुनळास झाला, वायू बाहेर पडून पेटला आणि मंच भस्मसात झाला. या दुर्घटनेत २२ जणांचे प्राण गेले. नळ पाण्याखाली सुरक्षित होता. तो जेथे पाण्याबाहेर येतो तेथे दुर्बल ठरला.

आता वायूच्या नळातील पाण्याविषयी. १९३४ साली हॅमरश्मिट याने असे दाखविले की, वायुवाहिन्या हिवाळ्यात तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, तर पाणी व वायू यांच्या संयोगाने बनणाऱ्या बर्फसदृश हायड्रेटमुळे. दाब पुरेसा असेल तर हा पदार्थ शून्य अंशाहून अधिक तापमानासही गोठतो. अरबी समुद्राच्या उथळ भागात हा धोका मुख्यतः झडपांपाशी संभवतो, कारण तेथे वायू प्रसरण पावून थंड होतो. खोल समुद्रात तळाची थंडीच त्यास पुरेशी होते. शिवाय दक्षिण वसईच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्याने त्यात ओल राहिल्यास पोलादाची झीज होते. यास्तव वायू किनाऱ्याकडे धाडण्यापूर्वी ग्लायकॉलच्या साहाय्याने कोरडा करतात. पुण्याच्या नळास उच्छ्वास हवेत, तसे सागरी वायुनळास हे शुष्कीकरण हवे.

खोली वाढली की बाहेरच्या दाबाचे पारडे जड होते. १९९३ साली ओमानहून भारतात समुद्रमार्गे वायू आणण्याचा करार झाला. त्या मार्गावर सागरतळ सुमारे ३५०० मीटर खोल होता. म्हणजे नळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर बाहेरून सुमारे ३६० किलोग्रॅम भार पडला असता. ही योजना पुढे मागे पडली. अशा खोलीवर नळ एका ठिकाणी चेपला, तर ती चेप वाहिनीच्या लांबीने धावत जाते, हे १९७०च्या दशकातील संशोधनाने दाखविले होते. तिला थांबविण्यासाठी खोल पाण्यातील वाहिनीवर ठरावीक अंतरांवर जाड कडी बसवितात.

हे सर्व नंदुरबारच्या शेतकऱ्यास दूरचे वाटेल. परंतु तसे ते नाही. उपसा सिंचनाचा पंप वीज गेल्याने एकाएकी थांबला, तर चढावर गेलेले पाणी मागे फिरते आणि वाहिनीच्या उंच भागात दाब वातावरणापेक्षाही खाली जातो. अशा वेळी बाहेरची हवा दर चौरस मीटरवर दहा टनांपर्यंतचा भार घालते, आणि पातळ पत्र्याचा नळ सागरतळाशी गेल्याप्रमाणे आत चेपतो. परतलेला जलस्तंभ पुन्हा आदळला म्हणजे तोच नळ फुटतोही. उपाय ठाऊक आहे : उंचवट्यावर हवेची झडप ठेवणे, जी भरताना हवा बाहेर सोडील व रिकामे होताना आत घेईल. तापीकाठच्या अनेक सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षे बंद राहिल्या. त्याची कारणे वीजबिलांपासून व्यवस्थापनापर्यंत अनेक आहेत. परंतु त्या पुन्हा सुरू करताना पंपाच्या अश्वशक्तीचा जितका विचार होतो, तितकाच या लहानशा झडपेचाही व्हावयास हवा. सुमारे पावणेतीन शतकांपूर्वी पुण्याच्या पाणीपुरवठ्यात तो झालेला होता.