झडतीपासून फिर्यादीपर्यंत

पोलीस खात्यांत स्त्रिया दिसतात, ह्याचें आज कोणाला नवल वाटत नाहीं. परंतु श्रोतेहो, कायद्यानें त्यांना प्रथम कोणत्या कामासाठीं बोलावलें आणि तें काम कसें बदलत गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

१८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांतील ५२ व्या कलमाचा आशय असा होता कीं, स्त्रीची झडती दुसऱ्या स्त्रीनेंच, शालीनता कसोशीनें सांभाळून घ्यावी. मात्र ती दुसरी स्त्री पोलीस खात्यांतील असावी, असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. कायद्याला स्त्रीची मदत हवी होती. तिला अधिकार द्यावा, हा विचार पुढचा.

१९७२ सालीं किरण बेदी भारतीय पोलीस सेवेंत दाखल झाल्या; त्या सेवेंतील त्या पहिल्या महिला. त्याच वर्षीं, तेव्हांच्या चंद्रपूर व आतांच्या गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, जबानीसाठीं ठाण्यांत आलेल्या एका आदिवासी मुलीनें तेथल्याच दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. उच्च न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें, पण १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. देशभर क्षोभ उसळला, आणि १९८३ सालीं पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीवरील बलात्कारास अधिक कठोर शिक्षा ठरली. शिक्षा वाढली खरी. परंतु फिर्याद ऐकून घेणारा पुरुषच राहिला.

केरळनें एक उपाय आधींच योजिला होता. १९७३ सालीं कोझिकोड येथें देशांतील पहिलें महिला पोलीस ठाणें उघडलें. १९९२ पासून तामिळनाडूनेंही तो मार्ग धरला. हा उपाय उपयुक्त आहे. पण माजघरांत वेगळी खोली मिळाली म्हणून सारें घर आपलें होत नाहीं. संकटांत सांपडलेली बाई जवळचेंच ठाणें गांठते.

म्हणूनच २०१३ ची दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बलात्कारासारख्या गुन्ह्याची पीडित स्त्रीनें दिलेली फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेंच लिहून घ्यावी, असें तिनें ठरविलें. २०२४ सालीं अमलांत आलेल्या नव्या संहितेनेंही ती अट कायम ठेविली.

त्याच २०२४ सालीं रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. त्याचा अभिमान वाटणें साहजिकच आहे. तरी ह्या कायद्याची खरी परीक्षा तालुक्याच्या ठाण्यांतच व्हावयाची. मध्यरात्रीं एखादी बाई ती पायरी चढून आली, तर तिची फिर्याद लिहून घ्यावयास तेथें स्त्री अधिकारी हजर आहे काय, हें पाहिलें पाहिजे.