अग्निमांद्य : एक संज्ञा आणि मुंबईतील एक संशोधन

‘खाल्लेले अंगी लागत नाही’ हा वाक्प्रचार मराठी घरांत सर्वपरिचित आहे. व्याकरणदृष्ट्या त्याची रचना विचारात घेण्याजोगी आहे. ‘खाल्लेले’ हा येथे कर्ता असून खाणारा वाक्यातून अदृश्य झाला आहे. आणि अन्न अंगी का लागत नाही, दोष अन्नाचा की शरीराचा, याविषयी वाक्य सर्वस्वी मौन पाळते. याउलट ‘मंदाग्नी’ किंवा ‘अग्निमांद्य’ ही संज्ञा उच्चारताच निदान होऊन जाते : दोष खाणाऱ्याच्या जठरात आहे. या दोन उक्तींमधील अंतर केवळ भाषिक नाही. विसाव्या शतकात मुंबईतील गरीब गर्भवतींचे प्राण ज्या प्रश्नावर अवलंबून होते, तो नेमका हाच होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

चरकसंहितेत अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार भेद सांगितले आहेत. माधवनिदानात अग्निमांद्य आणि अम्लपित्त यांना वेगवेगळी प्रकरणे आहेत. म्हणजे पचनशक्तीचे औदासीन्य आणि आंबटपणाचा उद्रेक या दोन अवस्था त्या परंपरेने निरनिराळ्या ओळखल्या होत्या. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, 1857) ‘अग्निमांद्य’ मराठी शब्द म्हणून नोंदलेला आहे. पुढे मात्र बोलभाषेत या जोडीतील एकच अंग वाढले. शालेय पुस्तकातील ‘पित्त’ यकृतात तयार होते. बोलण्यातील ‘पित्त’ घशाशी येते, उसळते, आणि ते बहुतांशी जठरातील आम्लच असते. नाशिकच्या इंदिरानगरात औषधांच्या दुकानी पित्ताची गोळी मागणाऱ्यास विक्रेता दुसरा प्रश्न विचारीत नाही. पित्त कमी असणे हाही एक विकार असू शकेल, ही कल्पना व्यक्त करावयास आजच्या बोलीत शब्दच उरलेला नाही. (परिभाषाकारांचा ‘अनाम्लता’ हा शब्द कोशाबाहेर फारसा पडला नाही.)

जठरात आम्ल असते हे युरोपात सिद्ध झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. विल्यम प्राउट याने 1824 मध्ये ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे दाखविले. 1822 मध्ये बंदुकीच्या बाराने ज्याच्या जठरास कायमचे छिद्र पडले होते, अशा ॲलेक्सिस सेंट मार्टिन नामक मजुरावर विल्यम बोमाँट या अमेरिकन वैद्याने प्रयोग केले आणि 1833 मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या आम्लाची कार्ये अनेक आहेत. पेप्सिन हे पाचकद्रव्य त्याच्याच योगाने क्रियाशील होते. अन्नातील प्रथिनांना जखडून असलेले बी-12 जीवनसत्त्व आम्ल आणि पेप्सिन मिळून मोकळे करतात. धान्यभाज्यांतील लोह आम्लामुळे विरघळून शोषणयोग्य रूपात येते. मांसातील लोहाला आम्लाची गरज त्या मानाने कमी, ही गोष्ट शाकाहारी प्रदेशांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

टॉमस ॲडिसन याने 1849 मध्ये वर्णिलेल्या मारक पांडुरोगात जठराचे अस्तर झिजलेले असते आणि आम्ल जवळजवळ नाहीसे झालेले असते, हे पुढे दिसून आले. मग रक्तक्षयाचे कारण आम्लाचा अभाव हेच काय? विल्यम कॅसल याने 1929 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. नुसते मांस किंवा नुसता जठररस देऊन रोगी सुधारत नसे. निरोगी माणसाच्या जठरात काही काळ ठेवून बाहेर काढलेले मांस दिले असता सुधारत असे. अर्थात निरोगी जठरात आम्लाखेरीज आणखी एक घटक स्रवत असला पाहिजे, तो अन्नातील कशाशी तरी संयोग पावत असला पाहिजे. तो घटक आणि आम्ल ही दोन्ही एकाच प्रकारच्या पेशींतून स्रवतात, म्हणून ती एकदमच लोपतात.

नेमक्या याच सुमारास, 1928 मध्ये, ल्यूसी विल्स (1888–1964) ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. गर्भवती स्त्रियांत, विशेषतः कापडगिरण्यांतील कामकरी वर्गात, एक भयंकर रक्तक्षय आढळत असे व त्याला ‘गर्भारपणातील मारक पांडुरोग’ असेच म्हणत. रक्तपेशी तशाच अवाढव्य, म्हणून नावही तेच. तिचे कार्यस्थान परळची हाफकिन संस्था; भोवताली गिरणगाव पसरलेले. नावावर विसंबून जठराचा शोध घेणे तिला सोपे होते. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी जठररस तपासलेही; परंतु ॲडिसनच्या रोगात आम्लाचा जो संपूर्ण लोप दिसतो तो येथील रुग्णांचे सामान्य लक्षण नव्हता, मज्जासंस्थेचे विकारही दिसत नव्हते. मग तिने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळविला. एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी करून तिने ती 1930 मध्ये प्रसिद्ध केली. दरिद्री मुसलमान स्त्रियांत हा रोग विशेष होता, आणि त्यांच्या ताटात भाजीपाला व फळे यांची वाण होती.

हाच आहार तिने प्रथम उंदरांना व नंतर माकडांना दिला. माकडांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाने बाजारात मिळणाऱ्या काळ्या लगद्याने, दूर झाला. रुग्ण स्त्रियांतही गुण आला. 1931 मध्ये तिने हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. यकृताचा अर्क महाग, आणि अनेकींना निषिद्ध. यीस्ट मद्यनिर्मितीतील टाकाऊ पदार्थ, म्हणून स्वस्त. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. ॲडिसनच्या रोगाला हमखास लागू पडणारा शुद्ध केलेला यकृतार्क या रोगाला लागू पडेना. कच्चा अर्क मात्र पडे. तेव्हा हे द्रव्य वेगळेच होते. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य काढून त्यास फॉलिक आम्ल हे नाव देण्यात आले, आणि 1945 मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ले प्रयोगशाळेने ते कृत्रिमरीत्या तयार केले. विल्सचे द्रव्य ते हेच. बी-12 हे 1948 मध्ये वेगळे झाले.

येथे नामसाम्याने केवढा घोटाळा केला असता, हे लक्षात घ्यावे. ‘मारक पांडुरोग’ या एका नावाखाली दोन रोग वावरत होते : एकात जठर निकामी, दुसऱ्यात ताट रिकामे. पहिल्यात खाल्लेले अंगी लागत नव्हते. दुसऱ्यात अंगी लागण्याजोगे खाल्लेलेच नव्हते. ‘अग्नी’ची परिभाषा पहिल्या प्रकाराला चपखल बसते, दुसऱ्याला मात्र ती अन्याय करते, कारण तिच्यामुळे दारिद्र्य हे प्रकृतीचा दोष ठरते. अर्थात प्राचीन वैद्यांना आहाराची चिकित्सा ठाऊक नव्हती असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. प्रश्न त्यांच्या ग्रंथांचा नसून लोकव्यवहारात टिकलेल्या शब्दाचा आहे.

हा भेद आजही मिटलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे व परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे 67 टक्के पुरुषांत बी-12 चे प्रमाण कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण होय. परंतु वयोमान, हेलिकोबॅक्टर या जंतूमुळे होणारा जठराचा जुनाट दाह (1982 मध्ये वॉरन व मार्शल यांनी हा जंतू शोधला), आणि आम्ल दडपणाऱ्या गोळ्यांचे वर्षानुवर्षे सेवन यांनीही बी-12 चे शोषण घटू शकते. जेथे ताटातच ते अल्प, तेथे जठरानेही हात आखडता घेतला तर तूट दुप्पट होते, आणि या दोहोंपैकी मूळ कारण कोणते हे रक्तातील एका आकड्यावरून कळत नाही.

गर्भवती स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांची गोळी देण्याची राष्ट्रीय योजना भारतात 1970 मध्ये सुरू झाली. मराठीत तिला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात. आज तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. परळच्या प्रयोगांचा वारसा त्या दुसऱ्या आकड्यात आहे. बी-12 तिच्यात नाही.